विहिणीच्या खिडकीतला बर्गर

शिवणघरातली स्वयंपाकीण लेकीच्या बाळंतपणासाठी दूर ओश शहरात गेली ती तिकडेच रमली, आणि बिश्केकमधल्या त्या तळघरात दुपारच्या जेवणाचे वांधे सुरू झाले. मालकीणबाईंनी सरळ हात झटकले. जेवणाचे पैसे पगारात घालून देते, म्हणाल्या, तुमचं तुम्ही बघा. आता बायका बघणार काय? सुट्टी अर्ध्या तासाची. घरून डबा आणावा तर सकाळी नवरा, पोरं, सासू यांचं करता करताच बस चुकायची वेळ येते. हॉटेलात बसून रस्सा-शेवया मागवायच्या तर ना तेवढा वेळ ना तेवढा पैसा. मग उरतो बर्गर. शिगेवर फिरणाऱ्या मांसाचे काप, कोबी, गाजर, तळलेले बटाटे तेही आतच, वर सॉस, आणि हे सगळं तव्यावर दाबून गरम केलेल्या गोल पावात. एका हातात मावतो आणि संध्याकाळपर्यंत पोट तक्रार करत नाही. विद्यार्थी, टॅक्सीवाले, कारकून, सगळं शहर दुपारी तेच खातं.

बर्गर कुठून आणायचा हे ठरवायचं काम आलं आनारकुलकडे. ती तिथली कापणारी. बाकीच्या बायका मशीनवर, नगावर पैसे मिळणाऱ्या, त्यांना मान वर करायला फुरसत नसे. आनारकुल मात्र सकाळीच दिवसभराचं कापड कापून मोकळी होई. सगळ्या तिला एजे म्हणत, म्हणजे थोरली बहीण. मालकीणबाईसुद्धा एजेच म्हणत, आणि जरा घाबरूनच म्हणत.

अठराव्या वर्षी ती नारीनच्या डोंगरातून या शहरात आली आणि सरकारी कारखान्यात शिवायला लागली. कारखाना बुडाला तेव्हा रडत न बसता तिने बाजारात उभं राहून मोजे विकले, मग अशा तळघरांमधून कापायला लागली. नवरा मामिरकान टॅक्सी चालवतो. मुलगा एर्मेक आणि सून पेरीझात मॉस्कोत कामाला आहेत. बाई कष्टाळू, हसरी, कुणाच्याही अडीअडचणीला धावणारी. एकच खोड होती. कापडावर एकदा कात्री चालली की कापड पुन्हा जोडत नाही, तसं तिचं एकदा तुटलं की तुटलं.

खरं तर जेवणाच्या प्रश्नाचं उत्तर रस्त्यापलीकडेच होतं. बसथांब्याला लागून एक निळी खिडकी होती, आणि दुपारी तिच्यापुढे रांग लागायची. भाव सगळ्यात कमी आणि वास असा की वाऱ्याबरोबर पायऱ्या उतरून थेट तळघरात यायचा. दुसऱ्या कुणी तिथून बर्गर आणून विषय संपवला असता. पण त्या खिडकीत उभी होती कलिमा. पेरीझातची आई, म्हणजे आनारकुलची सख्खी विहीण. आणि विहिणी-विहिणींचं बोलणं तीन वर्षांपासून बंद होतं.

कारण सांगितलं तर बाहेरच्याला हसू येईल, पण आमच्याकडे यावर घराणी तुटलेली आहेत. मेंढी शिजली की हाडासकट तुकडे मानाप्रमाणे वाटायचे. कमरेखालचं, पुठ्ठ्याचं हाड सगळ्यात वडीलधाऱ्या पुरुषाला, शेपटाकडचा, वर चरबीचा पांढरा थर असलेला तुकडा मानाच्या बाईला. मुलीच्या पाठवणीच्या जेवणात मानाची बाई म्हणजे वरमाई, यात शंका घ्यायला जागाच नाही. पेरीझातच्या पाठवणीला आनारकुल नवं रेशमी जाकीट घालून बायकांच्या खोलीत वरच्या अंगाला बसली होती. ताट आलं. तिच्या पुढ्यात ठेवला गेला पाठीचा मणका. साधा मणका, शेजारच्या गल्लीतून वासावर आलेल्याला देतात तसा. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आनारकुलने त्याला बोट लावलं नाही. हात धुतले, आशीर्वादासाठी ओंजळ वर केली, सुनेला घेतलं आणि घरी आली. त्या दिवसापासून तिने विहिणीचं नाव घेतलं नव्हतं. कुणी घेतलंच तर मामिरकानला लगेच टॅक्सीचं इंजिन तपासायला खाली जावं लागे.

त्यात इतकी वर्षं दुसरीकडे बर्गर विकणाऱ्या कलिमाने या वसंतात नेमकी शिवणघरासमोरचीच खिडकी भाड्याने घेतली. मला डिवचायला, असं आनारकुलचं स्पष्ट मत होतं.

म्हणून बर्गरची शोधमोहीम निघाली, ती निळी खिडकी सोडून सगळ्या शहरात.

पहिल्यांदा तिने विद्यापीठाजवळच्या टपरीवरून आणले. स्वस्त होते यात वाद नाही. पण उल्झान, कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉक मशीनवर बसणारी दोन पोरांची आई आणि त्या तळघरातली सगळ्यात तिखट जीभ, तिने पाव उघडला, मांसाचा एक काप उचलला आणि दिव्यासमोर धरला.

"एजे, हे अस्तर आहे," ती म्हणाली. "वरचं कापड कुठे राहिलं?"

मग बाजारापलीकडचा एक बर्गर सापडला. तिथे उभं राहून खाल्ला तर झकास. पण बसमध्ये लोकांच्या कोपरांमधून तळघरापर्यंत येताना पाव भिजायचा, बटाटे माना टाकायचे, आणि सॉस पिशवीच्या तळाशी जाऊन बसायचा. बायका तो चमच्याने खायला लागल्या. एकदा मामिरकानने तिला टॅक्सीतून शहराच्या पार उत्तर टोकाला नेलं. तिथल्या माणसाने मांसाच्या जागी उकडलेलं सॉसेज घातलं आणि वर आनारकुललाच म्हणाला, आमच्याकडे लोक हेच मागतात. त्यानंतर पाळी आली काचेच्या दारांच्या एका दुकानाची. तिथला पाव कोळशासारखा काळा, आत खिम्याची जाड गोल टिक्की, आणि प्रत्येक बर्गरबरोबर काळ्या हातमोज्यांची जोडी. बायकांनी हातमोजे चढवले आणि आधी एकमेकींकडे बघून पोट धरून हसल्या.

तामारा पेत्रोव्हना इस्त्रीवर असे. वयाने सगळ्यात मोठी, रशियन, कमी बोलणारी. तिने आपला बर्गर शांतपणे संपवला आणि हातमोजे धुऊन वाळत घातले.

"जेवण ठीक होतं," ती म्हणाली. "मोजे फार चांगले आहेत."

"ठीक असायलाच हवं," उल्झान म्हणाली. "एवढ्या पैशात पलीकडे आम्ही तिघी जेवलो असतो."

'पलीकडे' हा शब्द निघाला की आनारकुल फुटपट्टी उचलून उगीच काहीतरी मोजायला लागे.

"तिथलं तेल जुनं असतं," ती म्हणाली.

"तुम्ही खाल्लंय तिथलं?"

"वासावरून कळतं."

"वासावरून तर आम्हाला भूक लागते, एजे."

सगळ्यांना सगळं माहीत होतं. विहिणीचंही आणि मणक्याचंही. पण एजेच्या तोंडावर बोलणार कोण? शिवाय एजेने आजवर प्रत्येकीसाठी काही ना काही केलेलं होतं. उल्झानचं पोर तापाने फणफणलं तेव्हा दवाखान्यात तीच धावली होती. त्यामुळे बायका अस्तर खात होत्या, भिजका पाव खात होत्या आणि गप्प बसत होत्या.

अशात एका रविवारी सकाळी मॉस्कोहून एर्मेकचा फोन आला. आनारकुल चहा ओतत होती, मामिरकान पावाला लोणी फासत होता. पेरीझातला सातवा लागला होता. बाळंतपणाला दोघं घरी येणार हे आधीच ठरलं होतं, पण एर्मेकचा आवाज आज जरा जड होता.

"आई, एक स्पष्ट विचारतो. पाळणा मुलीच्या आईने आणायचा असतो ना?"

"तिनेच आणायचा. त्यात विचारायचं काय?"

"त्या आणतील. तू घरात घेशील का?"

आनारकुलने किटली खाली ठेवली.

"त्यांनी एकदा यावं आणि चूक झाली म्हणावं," ती म्हणाली. "मी वरमाई आहे. मी पहिलं पाऊल टाकायचं नसतं."

"तीन वर्षं हेच ऐकतोय. तू पाळण्याकडे पाठ फिरवून बसलीस तर पेरीझातने बघायचं कुणाकडे? त्यापेक्षा आम्ही येतच नाही. बाळ इथेच होईल. पाळणा इथल्या दुकानातून घेऊ."

"दुकानातून? तो गजांचा? माझं नातवंड काय कैदी आहे?"

"मग तू ठरव," एर्मेक म्हणाला. "ऑगस्टात तिकिटं काढायची आहेत."

फोन पेरीझातच्या हातात गेला. आनारकुलला सून मनापासून आवडायची, ही खरी अडचण होती. तिने आवाज मऊ केला, पाय सुजतात का विचारलं, डोहाळे कसले लागलेत विचारलं.

"काही नाही आई," पेरीझात म्हणाली.

"काही नाही असं कसं? मला एर्मेकच्या वेळी कच्चा मुळा लागायचा."

"खरंच काही नाही."

फोन ठेवल्यावर आनारकुल बराच वेळ गार चहा ढवळत बसली. मामिरकान उठला.

"इंजिनाचा आवाज येतोय जरा," तो म्हणाला आणि लोणी लावलेला पाव तसाच टाकून खाली गेला. आपला नवरा पाव टाकून जात नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे गजांचा पाळणा होता. पाळणा आठवला की तिला वाटे, जाऊ दे, उद्या जाऊन बोलावं. आणि मणका आठवला की वाटे, का म्हणून? दिवसभर हेच चाललं.

ऑगस्ट लागला. शाळेच्या पांढऱ्या ब्लाउजांची मोठी मागणी आली, सगळं तळघर पांढरं झालं. बायका बर्गर खायला जिन्यात जाऊन बसायच्या, कारण पांढऱ्यावर सॉसचा एक थेंब पडला तर अख्ख्या दिवसाची मजुरी बुडायची. एका दुपारी आनारकुल बाजारापलीकडून निघाली आणि बस वाटेतच बंद पडली. ती पिशवी छातीशी धरून चालत, धापा टाकत पोचली तेव्हा सुट्टी संपून मशिनं सुरू झाली होती. बायकांनी काम करता करता आळीपाळीने उठून ते बर्गर खाल्ले. मांस थंड झालं होतं, चरबी टाळूला चिकटत होती. तामारा पेत्रोव्हनाने दोन घास खाल्ले, मग कागदाची नीट घडी घातली आणि बर्गर आपल्या पिशवीत ठेवला.

"चिमण्यांना घालीन," ती म्हणाली आणि पुन्हा इस्त्रीला लागली. तक्रार केली असती तर आनारकुलला उत्तर देता आलं असतं. तामारा पेत्रोव्हना कशालाच नावं ठेवत नसे, म्हणून ते फार लागलं. सत्तरीची बाई आपल्या हट्टापायी दिवसभर उपाशी उभी राहिली, हे तिला घरी जाईपर्यंत विसरता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी झाली तशी उल्झान उठली आणि पैसे गोळा करायला लागली.

"एजे, आज तुम्ही बसा. मी जाऊन येते."

"कुठे?"

"तुम्हाला माहितीये कुठे. तुमचा राग तुम्ही खुशाल करा, आम्ही आड येत नाही. पण तो आमच्या पोटातून का?"

आनारकुलने सगळ्यांकडे बघितलं. सगळ्या खाली बघत होत्या.

उल्झान गेली आणि चहाचं पाणी उकळायच्या आत परतसुद्धा आली. जिना त्या वासाने भरला. कागद उलगडले गेले. इतके दिवस प्रत्येक बर्गरवर टीका करणाऱ्या बायका मान खाली घालून खात होत्या, तोंडातून नुसते हुंकार. उल्झानने एक बर्गर आनारकुलच्या पुढ्यात ठेवला.

"मला नको."

"नको तर नको. पण पाव पुढ्यात आलाय, चिमूटभर तरी तोंडात घाला. पावाकडे पाठ फिरवून उठू नये, हे मला कुणी शिकवलं? पहिल्या दिवशी मी घाईत निघाले होते तेव्हा तुम्हीच हात धरून बसवलं होतंत."

पावाला नाही म्हणायचं नसतं, दारातून परत जाणाऱ्यानेसुद्धा एक चिमूट तोंडात टाकूनच निघायचं असतं. आनारकुलने अगदी कडेचा, जिथे आतलं काही पोचलं नसेल असा तुकडा मोडला. पण कलिमाने कडाही सोडल्या नव्हत्या. तव्यावर कुरकुरीत झालेला पाव, त्यात मुरलेला मांसाचा रस, आणि वर घरचा सॉस. आंबट दही, लसूण, बारीक चिरलेला शेपू. बटाटे अजून कुरकुरत होते.

ती उठली, बर्गर कागदात गुंडाळून कापडाच्या गुंडाळ्यांमागे गेली आणि भिंतीकडे तोंड करून सगळा खाल्ला. तो चांगला होता याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. विहिणीने वाईट माणूस तरी असावं किंवा वाईट स्वयंपाकीण तरी.

"कसा होता, एजे?" उल्झानने बाहेरून विचारलं.

"मीठ बरोबर आहे," गुंडाळ्यांमागून उत्तर आलं.

त्या तळघराला खिडक्या होत्या, पण छताला लागून. बाहेरच्या रस्त्यावरचे फक्त पाय दिसत. वर्षानुवर्षं पाय बघून आनारकुलला बूट पाठ झाले होते. पोस्टमनचे कोणते, मालकीणबाईंचे कोणते, समोरच्या बसथांब्यावर रोज येणारे कोणते. यापूर्वी दुपारी ती शहरभर फिरत असे. आता उल्झान समोरून बर्गर आणायला लागल्यावर ती प्रथमच जेवणाच्या वेळी आपल्या टेबलाशी उभी होती. आणि तिला रांगेत एक तपकिरी जोडी दिसली. उजव्या बुटाची टाच पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली. तपकिरी दोरा संपला होता म्हणून तो पांढरा दोरा तिनेच घातला होता.

हातातली फुटपट्टी घेऊनच ती पायऱ्या चढली. रस्ता ओलांडताना एका बसने तिच्यासाठी करकचून ब्रेक लावला, पण तिने तिकडे बघितलंही नाही. रांगेच्या तोंडाशी, निळ्या खिडकीवर कोपर टेकून, मामिरकान मोठ्या आनंदाने बर्गर चावत होता. हनुवटीवर सॉस होता. खिडकीतून कलिमा त्याला चहाचा पेला देत होती, आणि देण्यात सवय होती, रोजची सवय.

"चव कशी आहे?" आनारकुलने विचारलं.

मामिरकान वळला. घास ना गिळता येईना ना टाकता येईना.

"विहीणबाई," कलिमा घाईघाईने म्हणाली, "रागावू नका. मीच बोलावलं होतं यांना. पाळण्याचं विचारायला."

"पाळण्याचं रोज विचारतात? पेला त्यांचा ठरलेला दिसतोय."

रांगेतलं कुणी पुढे सरकेना, कुणी जाईना. मामिरकानने घास गिळला, बायकोकडे बघितलं, तिच्या हातातल्या फुटपट्टीकडे बघितलं. मग विहिणीकडे बघितलं. कलिमाने हळूच मान हलवून नको म्हटलं. ते बघून मात्र म्हातारा एकदम लाल झाला.

"नाही, आता पुरे," तो म्हणाला. "किती वर्षं या बाईने माझं झाकायचं? आनारकुल, तो तुकडा मी खाल्ला."

"कुठला तुकडा?"

"तुझा. पाठवणीच्या दिवशी. रात्रभर गाडी चालवून पोचलो होतो, पोटात अन्नाचा कण नव्हता. मागे ताटं लावत होते. वाटणारा पाहुणा मीठ आणायला वळला आणि मी कडेचा एक तुकडा उचलला. म्हटलं, साधाच असेल. छान होता गं. हाड हातात राहिलं तेव्हा कळलं शेपटाचं आहे ते. तोवर उशीर झाला होता."

"मग दुसरा—" आनारकुल म्हणाली आणि थांबली. मेंढी एक, शेपूट एक. दुसरा आणणार कुठून?

रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. बायकांच्या मानाचा तुकडा पुरुषाने खाल्ला, तोही स्वतःच्या बायकोचा, तोही चोरून. हे गावात कळलं असतं तर मामिरकानला मरेपर्यंत कुणी नुसतं मामिरकान म्हटलं नसतं. म्हणून त्याने तेव्हा कलिमापुढे हात जोडले होते आणि म्हणून तिने ताटातली ती मोकळी जागा हाताला लागेल त्या हाडाने भरली होती.

पण आनारकुल हसली नाही. ती कलिमाकडे बघत होती. तीन वर्षांत तिने विहिणीला इतकं जवळून पाहिलं नव्हतं. तव्याच्या वाफेने चेहरा ओला, कपाळाला पीठ, आणि डोळे थेट पेरीझातचे.

"तुम्ही का नाही बोललात?" तिने विचारलं. "एका वाक्याचं काम होतं. मी सगळ्या भावकीत तुमचं नाव खराब केलं. तुम्ही ऐकून घेतलंत."

कलिमाने फडक्याला हात पुसले.

"बोलले असते तर तुम्ही त्या दिवशी यांच्यावर रागावला असता," ती म्हणाली. "आणि माझी पोर त्याच दिवशी तुमच्या घरात पाऊल टाकणार होती. तुमचं नवरा-बायकोचं भांडण तिला रोज घरात ऐकावं लागलं असतं. माझ्यावर रागावलात तर लांबून रागावणार. म्हटलं, चालेल. माझं काय जातंय?"

पोरीच्या घरात शांतता राहावी म्हणून ही बाई तीन वर्षं शिव्या खात होती आणि आपण रस्त्यापलीकडे उभं राहून तिच्या तेलाला नावं ठेवत होतो. तिला लाज वाटली, अगदी कानापर्यंत.

"आणि ही खिडकी?" तिने विचारलं. "मला डिवचायला घेतलीत ना?"

"डिवचायला कशाला? म्हटलं, राग कितीही असला तरी दुपारी भूक लागतेच. एक ना एक दिवस याल. तर तुम्ही सगळं शहर पालथं घातलंत." कलिमाच्या तोंडावर हसू फुटायला लागलं. "रोज बघत होते मी. पिशवी घेऊन बस पकडायला धावायचात."

आता मात्र आनारकुललाही हसू आवरेना. ते लपवायला ती रांगेकडे वळली.

"बघताय काय सगळे? पुढे सरका, मांस जळतंय." मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "तुमचं घरी बघते."

"घरी इंजिन..." मामिरकान म्हणाला.

"ते विका."

दुसऱ्या दिवशी सुट्टी झाल्यावर आनारकुलने जाकीट घातलं. पाठवणीला घातलेलं तेच, रेशमी, ऑगस्टच्या उन्हात. सगळ्या बायकांना घेऊन ती रस्ता ओलांडून गेली. तामारा पेत्रोव्हनासुद्धा इस्त्री बंद करून आली. कलिमाने एकेकीला बर्गर दिला. शेवटी तिने खालून कागदात बांधलेलं एक जड पुडकं काढलं आणि दोन्ही हातांनी आनारकुलच्या पुढे धरलं.

आनारकुलने कागद उघडला. गोल पाव होता, कोबी होता, बटाटे होते, शेपूचा सॉस होता. आणि मधोमध, पावात न मावणारा, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, वर चरबीचा पांढरा थर असलेला शेपटाकडचा तुकडा. हाडासकट.

"सकाळी बाजारातून एक मेंढी अख्खी घेतली," कलिमा म्हणाली. "ताट नाही इथे. पावात घातला."

"हाडाचा बर्गर," उल्झान म्हणाली. "हा मी पहिल्यांदा बघतेय."

आनारकुलने खिशातून छोटी सुरी काढली. मानाचा तुकडा आला की तो एकट्याने खायचा नसतो, ज्याला आपलं मानतो त्याला त्यातलं कापून द्यायचं असतं. तिने चरबीसकट पहिला काप काढला, खिडकीतून हात आत घातला आणि विहिणीच्या तोंडाशी धरला.

"घ्या, विहीणबाई. चूक झाली."

कलिमाने तो तिच्या हातातूनच खाल्ला. डोळे भरून आले होते, पण ती म्हणाली, कांदा चिरला सकाळी. मग आनारकुलने प्रत्येकीला एकेक काप दिला. रांगेच्या टोकाला मामिरकानही घुटमळत होता, त्याने आशेने हात पुढे केला.

"याच मेंढीचा मणका असेल ना?" आनारकुलने कलिमाला विचारलं. "तो यांना द्या."

उल्झानने दोघी विहिणींचा फोटो काढला. मध्ये तो दांडगा बर्गर, दोघींच्या हनुवटीवर सॉस. आनारकुलने तो तिथूनच मॉस्कोला पाठवला. बायका अजून खात होत्या तेवढ्यात फोन वाजला. पेरीझात होती. आधी नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"काय गं, काय झालं?" आनारकुल घाबरली. "पोट दुखतंय का?"

"नाही. आई, तुम्ही डोहाळे विचारले होते ना?"

"विचारले होते. तू काही नाही म्हणालीस."

"पहिल्या महिन्यापासून मला हाच बर्गर खावासा वाटतोय," पेरीझात म्हणाली. "माझ्या आईच्या हातचा. तुमच्यासमोर नाव काढायचं कसं, ते कळत नव्हतं."

आनारकुलने फोन कानापासून जरा लांब धरला आणि खिडकीत वाकली.

"विहीणबाई, ही तिकिटं काढतेय," ती म्हणाली. "मेंढी आधीच सांगून ठेवा. आणि ताटं लागतील तेव्हा यांना बाहेर उभं करा."